एकाच नंबरावर दोनदा ताई

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवाली बाई नाही. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारी आहे. आमच्या घरी उपास आई करायची, पूजा बाबा करायचे आणि "हे कशाला?" विचारून बोलणी मी खायची. आयुष्यभर कम्प्युटरवर डेटाबेसचं काम केलं. या ग्रुपवर लोक वडाखालच्या बाया आणि हायवेवर लिफ्ट मागणारे म्हातारे लिहितात, ते मी चहा पिता पिता वाचते आणि हसते, खोटं कशाला बोलू. माझ्या गोष्टीत ना बाई आहे, ना म्हातारा, ना अमावस्या. रविवारची दुपार आहे, ट्यूबलाइट चालू आहे आणि बाहेर पोरं क्रिकेट खेळतायत. तरीसुद्धा ते डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

गोष्ट इंदूरची. छत्तीसगड तेव्हा वेगळं झालेलं नव्हतं आणि मंडळांमध्ये, बँकांमध्ये नुकते नुकते कम्प्युटर यायला लागले होते. आम्ही राजेंद्र नगरला राहायचो. आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते, बाबा बिजली ऑफिसातून रिटायर झालेले. म्हणजे आम्ही अस्सल इंदुरी मराठी. आमच्या बोलण्यात हिंदी घुसते, ते चालवून घ्या. पुण्याच्या मंडळींनी कमेंटमध्ये शुद्ध करायला येऊ नये ही नम्र विनंती.

घरात आई, बाबा, मी आणि माझ्याहून बरीच मोठी सुधाताई. ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मोपेडवर जायची, यायची, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्या काळी त्या वयाची मुलगी घरात असली की येणारा-जाणारा प्रत्येक जण "अजून?" असं विचारायचा. ताईने कधी कुठल्या स्थळाला नाही म्हटलं नाही हं. साडी नेसायची, पोहे घेऊन यायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. जमलं नाही की बाबा दोन-चार दिवस गप्प व्हायचे आणि ताई पुन्हा वह्या तपासायला बसायची. मला वाटायचं, बिचारी मनातल्या मनात झुरत असेल.

आमच्या कॉलनीत गणपतीच्या मंदिरामागे एका खोलीत वधू-वर मंडळ चालायचं. ते चालवायच्या कमलकाकू. अत्यंत प्रेमळ बाई, पण हट्टी. मंडळाच्या एका मेंबरने दुकानातला जुना कम्प्युटर दान दिला आणि बाबा मोठ्या अभिमानाने बोलून आले की आमची नीलू करेल सगळं, तिने डिप्लोमा केलाय. मला विचारलंसुद्धा नाही. झालं, दर रविवारी दुपारी मी त्या खोलीत. खोलीची एकुलती एक किल्ली माझ्याकडे, कारण काकूंना पक्कं वाटायचं की मशीनला हात लावला की करंट बसतो.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं आहे. डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीला एक नंबर. एका नावाच्या दहा जणी असू शकतात, पण नंबर ज्याचा त्याचा. एकाला दिला की दुसऱ्याला द्यायचा नाही, कधीच नाही. याला प्रायमरी की म्हणतात. हा नंबर डबल झाला की सगळा बट्ट्याबोळ होतो, कारण कोणाची माहिती कोणाकडे पाठवली हे सगळं त्या नंबरावर चालतं.

आणि आमच्याकडे नंबर डबल नव्हे, तिबल होते. देवासच्या एक बाई आपल्या मुलासाठी डॉक्टर मुलगी बघायला म्हणून निघाल्या आणि मंडळाने दिलेल्या पत्त्यावर निघाली बारावी नापास मुलगी. मुलगी गोड होती, तिथेच जमलं, ते सोडा. पण डॉक्टर मुलीच्या वडिलांनी मंडळात येऊन जो तमाशा केला त्याला तोड नाही. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या की कम्प्युटरने घोळ केला. मी भडकले. मशीन स्वतःहून कधी काही करत नाही, त्याला माणूस करायला लावतो... हे माझं तेव्हाचं ठाम मत.

शोधलं तेव्हा कारण सापडलं, आणि ते फक्त आमच्याच लोकांत सापडू शकतं. एखाद्या मुलीचं पटकन जमलं की काकू तिचा नंबर दुसऱ्या, जिचं जमत नाहीये अशा मुलीच्या फॉर्मवर लिहून टाकायच्या, आणि मी फॉर्मवरचाच नंबर टाईप करायचे. मी डोक्याला हात लावला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्या नंबराचा पायगुण चांगला आहे. महिन्यात उडाली ती. असा नंबर वाया कशाला घालवायचा?"

आता बोला. प्रायमरी कीला पायगुण. आमच्या ताईलासुद्धा त्यांनी मोठ्या मायेने असाच एक नंबर दिला होता. बाबांनी त्याबद्दल त्यांना पेढे नेऊन दिले होते, हे मला मागाहून कळलं.

मी सगळं साफ केलं. जुन्या, लग्न झालेल्या मुलींच्या ओळी काढल्या, बाकीच्यांना स्वच्छ नवे नंबर दिले आणि ज्यांचा नंबर आता एकटाच उरला होता त्यांचा तसाच ठेवला. ताईचा त्यातलाच. वर कुलूप घातलं, म्हणजे मशीनलाच सांगून ठेवलं की एक नंबर दुसऱ्यांदा घ्यायचाच नाही. मुद्दाम डबल टाकून बघितला. मशीनने टुंग आवाज केला आणि नकार दिला. काकूंना बोलावून तो टुंग ऐकवला. त्यांना विशेष काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी सवयीने तपासणी चालवली, कुठला नंबर दोनदा आहे का ते बघायला. उत्तर रिकामं यायला पाहिजे होतं. एक नंबर आला. ताईचा.

मला वाटलं, आधीच्या पायगुणवालीची ओळ राहिली असेल. उघडून बघितलं तर दोन्ही ओळी ताईच्याच. नाव तेच, जन्मवेळ तीच, उंची, शिक्षण, शाळेचं नाव, सगळं तेच. शेवटचा रकाना तेवढा वेगळा. त्या रकान्यात मुलीची अपेक्षा लिहायची असायची. आमच्या मशीनवर देवनागरी नव्हती, सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. पहिल्या ओळीत बाबांनी सांगितलेलं होतं, मीच टाईप केलेलं... नोकरी पक्की, निर्व्यसनी, पत्रिका आवश्यक. दुसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. तेव्हा असं लिहायची कोणाला सवय नव्हती, मोबाईल कुठे होते. मला एकेक अक्षर जुळवून वाचावं लागलं.

"मला कुठेही जायचं नाही. मला इथेच राहू द्या."

मला भीती वगैरे वाटली नाही. राग आला, भयंकर राग. कोणीतरी आमच्या ताईची मस्करी करतंय असं वाटलं. ओळ उडवली, कुलूप नव्याने घातलं, फ्लॉपीवर बॅकअप घेतला आणि घरी येऊन जेवताना उगाचच आईवर खेकसले.

पुढच्या रविवारी ओळ परत.

हां, आता टेक्निकल मंडळी सरसावली असतील... इंडेक्स करप्ट असेल, फ्लॉपी खराब असेल, जुनी फाईल वर चढली असेल. मी काय गवत खात होते? एकेक करून सगळं केलं. इंडेक्स, म्हणजे नंबरांची अनुक्रमणिका, पाडून पुन्हा बांधला. बॅकअपवरून आणलं. नवी कोरी फ्लॉपी वापरली. शेवटी अख्खं टेबल उडवून नवं केलं आणि शेकडो ओळी हाताने पुन्हा टाईप केल्या, ताईची एकदाच, डोळे फाडून. मंदिराबाहेर टपरीवर चहा प्यायला गेले, खोलीला कुलूप लावून. परत आले तर दोन.

ज्या क्लासमध्ये डिप्लोमा केला होता तिथल्या सरांना घेऊन आले. सर मोठे हुशार, स्कूटरवर आले, आधी मला ऐकवलं की तुम्ही मुली बेसिक चुका करता. मग स्वतः बसले. ताईची ओळ स्वतः टाकली, तपासणी चालवली, एक. पुन्हा चालवली, दोन. मध्ये त्यांनी कीबोर्डला हातसुद्धा लावला नव्हता आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. सरांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, "मॅडम, नंबर बदल दो ना. झंझट खतम."

बदलला. ताईला एकदम शेवटचा, कोरा नंबर दिला, ज्याला आजवर कोणी शिवलं नव्हतं. सरांनी स्कूटरला किक मारायच्या आत नव्या नंबरावर ताई दोनदा. सर निघून गेले. नंतर कधी रस्त्यात दिसले तर पायोनियरच्या... नको, दुकानाचं नाव नको, एका दुकानात घुसून लपायचे.

इकडे हे चाललेलं आणि घरी वेगळाच माहोल. ताईचं स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं होतं. इंदूरजवळच्या राऊची मंडळी, मुलगा भिलाईला इंजिनिअर. खरंच चांगली माणसं, उगाच नावं कशाला ठेवू. मुलाला ताई पसंत, ताईला... म्हणजे बाबांनी विचारलं मुलगा कसा वाटला, ती म्हणाली चांगला आहे. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी याद्या ठरल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात दोन्ही घरची मोठी माणसं बसून देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं कागदावर मांडतात, त्याला याद्या म्हणतात. याद्या झाल्या की झालं, मग मागे फिरणं नाही. ताईला शाळा सोडावी लागणार होती. आईने तिच्या साड्या फॉलला टाकल्या होत्या. बाबा इतक्या वर्षांत पहिल्यांदा सकाळी गुणगुणत दाढी करत होते.

आणि मला झोप नाही. जेवण नाही. दिवसा मी एका क्लासमध्ये कम्प्युटर शिकवायचे, तिथे तेच, घरी तेच. ताई समोर बसून वह्या तपासायची आणि मी तिच्याकडे बघत राहायचे. सारखं एकच मनात यायचं की हे तिनेच केलंय. पण कधी? कसं? तिला मशीन चालू करता येत नव्हतं. रविवारी दुपारी ती शाळेच्या मुलींची फुकट शिकवणी घ्यायची, मंडळाकडे फिरकायचीसुद्धा नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी मी स्वतःला पटवलं की तीच आहे, कारण दुसरं काही पटवून घेणं मला जमत नव्हतं.

याद्यांच्या आदल्या रविवारी मी तिला शिकवणीतून उठवलं आणि ओढत मंडळात घेऊन गेले. रस्ताभर ती विचारत होती की काय झालं, बाबा बरे आहेत ना. मी भराभर चालत राहिले. खोली उघडली, मशीन चालू केलं, दोन्ही ओळी काढल्या आणि म्हटलं, वाच.

ताई वाकून वाचायला लागली. तिलाही अक्षरं जुळवायला वेळ लागला, ओठ हलताना दिसत होते. मग ती खुर्चीवर बसली.  मी तोंडसुख घ्यायच्या तयारीत होते, त्याआधीच तिने मान वर केली. तिने मला विचारलं की हे तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, मला कोण सांगणार, तूच टाईप केलंस. तिने मान हलवली.

"हे मी मनात म्हणते, नीलू. रोज. मोपेड चालू करताना. तोंडातून कधी काढलेलं नाही."

शब्दसुद्धा हेच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हेच. मला कुठेही जायचं नाही, मला इथेच राहू द्या. आधी देवासमोर म्हणायची, मग सवय लागली, मग कुठेही म्हणायला लागली. मुलगा वाईट नाही, कोणीच वाईट नव्हता. तिला फक्त तिची शाळा, तिची मोपेड, संध्याकाळच्या वह्या एवढंच हवं होतं, आणि एवढंच हवं असलेली बाई तिने कुठे बघितली नव्हती, म्हणून तिला वाटायचं की तिच्यातच काहीतरी खोट आहे.

मला रडू आलं. इतकी वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही. मी तिला बिचारी समजत होते, पण भलत्याच कारणासाठी. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"कोणी विचारलंच नाही गं. 'मुलगा कसा वाटला' एवढंच विचारतात."

बाहेर कोणाची तरी विकेट पडली आणि पोरांनी कल्ला केला.  ती पुन्हा पुन्हा स्क्रीनकडे बघत होती. भीती मला वाटत होती, तिला नाही. तिच्या तोंडावर वेगळंच काहीतरी होतं. कोणीतरी आपलं ऐकून घेतलंय असं माणसाला वाटतं ना, तसं.

त्याच संध्याकाळी ताईने बाबांना सांगितलं. मी दाराशी उभी होते. आवाज चढला नाही, वाक्यंही फार नव्हती. ती म्हणाली, मला लग्न करायचं नाही, या मुलाशीच नाही असं नाही, कोणाशीच नाही, आणि शाळा सोडायची नाही. आई रडायला लागली. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे तू भरवलंस तिच्या डोक्यात. मी भांडायला तोंड उघडलं तर ताईनेच मला गप्प केलं. रात्री कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि एकटे राऊला गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण गेले. दुपारी परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले. मुलाच्या आईने चहा दिला म्हणाले. त्या बाई म्हणाल्या, बरं झालं आधी सांगितलंत, नाहीतर आमच्या घरात ती पोरगी कोंडून गेली असती. ताई शाळेतून आल्यावर बाबा आमच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "तू आधी बोलायचं होतंस बेटा. मी काय खाऊन टाकलं असतं?" ताईला तेव्हा रडू फुटलं, तोपर्यंत ती रडली नव्हती.

पुढच्या रविवारी मी मंडळात गेले.  तपासणी चालवली, उत्तर रिकामं आलं. कुठलाच नंबर डबल नाही. ताईचा नंबर टाकून बघितला. एकच ओळ होती, पण बाबांची नाही. मी टाईप केलेली ओळ गेली होती आणि ती दुसरी तेवढी उरली होती. मी हात लावला नाही. घरी जाऊन ताईला घेऊन आले. तिला बटण दाखवलं, तिने एका बोटाने दाबलं आणि ओळ गेली. नंतर कित्येक महिने मी दर रविवारी बघत होते. कधी आली नाही.

काकूंना काय झालं ते कधी सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की सुधाच्या नशिबात योग नाही, आणि तिचा नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही असं मला बजावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रायमरी कीबद्दल योग्य बोलल्या.

ताई पुढे त्याच शाळेत हेडमास्तरीण झाली. आता रिटायर आहे, राजेंद्र नगरातच राहते, अजून मुलींना शिकवते. परवा फोनवर मी विचारलं की तुला काय वाटतं, ते काय होतं. ती म्हणाली, होतं काहीतरी चांगलं, तू कशाला त्याच्या मागे लागतेस. तिचं बरोबर आहे, तिची झोप कधी उडाली नाही त्या गोष्टीने. झोप माझी उडते.

त्याचं कारण सांगते आणि थांबते. ताईचा विषय संपल्यावर वर्षभरात बाबांनी माझं नाव मंडळात घातलं. माझी ओळ मीच टाईप केली, अपेक्षेच्या रकान्यात बाबा बोलले ते भरलं. आणि त्यानंतर दर रविवारी आधी मी माझा नंबर बघायचे. दुसरी ओळ आली का ते. भीतीने नाही हं... वाट बघायचे. मला खरंच काय हवंय हे मला कळत नव्हतं आणि वाटायचं, ताईला सांगितलं तसं मलाही सांगेल. माझ्या याद्यांच्या दिवशी सकाळीसुद्धा खोली उघडून बघून आले.

ओळ एकच होती. मग माझं लग्न झालं, मी जबलपूरला आले, संसार झाला, मुलं झाली, नवरा चांगला आहे. माझी दुसरी ओळ आली नाही, ती माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच म्हणून, की मी मनातसुद्धा कधी बोलले नाही म्हणून... हे मला अजून कळलेलं नाही.